कमलचा कोरा पास

"हरलास ना जयवंत, तर कमरेला पोहायची ट्यूब, डोक्याला रबरी टोपी, आणि तसाच चालत नाक्यावरच्या बेकरीतून अख्ख्या माळ्याचे पाव आणायचे. बोल, आहे दम?"

राजरत्न गमरेने असं म्हटलं आणि भोईवाड्याच्या त्या चाळीतला तिसरा माळा खिडक्या-दारांतून बाहेर आला. रविवारची सकाळ, मे महिना, कुणाला काही कामधंदा नाही. अशा वेळी फुकटचा तमाशा कोण सोडतो?

"आणि तू हरलास तर?" जयवंत परबने लुंगी वर खोचली. "तू तुझा कंडक्टरचा युनिफॉर्म घालून सकाळी सहा वाजता संडासाच्या लायनीत उभं राहायचं. येईल त्याला तिकीट फाडून द्यायचं. पुढे चला, पुढे चला करत!"

"मंजूर!"

"मग लाव हात!"

हातावर हात पडला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आणि ही सगळी भानगड कशावरून? तर चार प्लास्टिकच्या कार्डांवरून.

झालं होतं असं. कर्जतच्या अलीकडे 'गंमतगड' नावाचं मोठं थीम पार्क निघालं होतं. आकाशपाळणे, घसरगुंड्या, लाटांचा तलाव, सगळं एकाच कंपाऊंडात. एका दिवसाचं तिकीट हजार रुपये. पण पार्कच्या दादरच्या ऑफिसात जयवंतला एक योजना दिसली. चार दिवसांचा पास, अठ्ठावीसशे रुपये. सलग जायची सक्ती नाही, आज एक दिवस जा, वर्षाने दुसरा दिवस जा. पासवर ठळक अक्षरात छापलेलं, 'मुदत नाही'. लोअर परळला जुन्या मिलच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये जयवंत लिफ्टच्या मेंटेनन्सला होता. बोनस ताजा होता, डोकं गरम होतं. स्वतःचा, बायकोचा म्हणजे कमलचा, मुलगी मानसीचा आणि मुलगा विनीतचा असे चार पास त्याने एका दमात घेतले. प्रत्येकावर ज्याचा त्याचा फोटो. गॅलरीत ते पत्त्यांसारखे पिसून दाखवत तो सांगत होता, "सोळा हजारांची मजा अकरा हजार दोनशेत! याला म्हणतात डोकं!"

राजरत्न शेजारच्या खोलीतला, त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. बेस्टमध्ये चोवीस वर्षं कंडक्टर. तिकीट म्हटलं की त्याचे कान उभे राहायचे.

"तिकिटातलं मला नको शिकवू," तो म्हणाला. "पास स्वस्त कधी? जेव्हा पासवाला गाडीत चढतो तेव्हा. तुम्ही जाणार दोनदा, मग पास पडणार कपाटात. आपण साधा हिशोब धरू. तुमच्या घरातला एक माणूस एक दिवस आत गेला की माझ्या दाराच्या चौकटीवर खडूची एक रेघ. एक रेघ म्हणजे एक हजार. दोन वर्षांत बारा रेघा झाल्या की पासाचे पैसे फिटले, तू जिंकलास. अकरा झाल्या तरी हरलास. एकतीस मे, शेवटची तारीख."

"बारा? अरे, तीन फेऱ्यांत उडवतो बारा! चार जण, तीन फेऱ्या. तुझी चौकट पुरायची नाही, भावा!"

आणि मंडळी, फेऱ्या तीन झाल्यासुद्धा. जयवंत शब्दाचा पक्का. पण चौकटीवर रेघा झाल्या नऊ.

कशा काय नऊच?

पहिली फेरी जूनच्या सुरुवातीला निघाली. आदल्याच आठवड्यात जयवंतच्या वडिलांच्या, बाबुरावांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. ऐंशीच्या पुढचं वय, दर दोन तासांनी डोळ्यात थेंब घालायचे. कमल म्हणाली, "तुम्ही जावा पोरांना घेऊन. माझा पास काय पळून जातोय? मुदतच नाही ना त्याला."

"हां, ते पण आहे," जयवंत म्हणाला आणि गाडी चुकेल म्हणून पळाला.

दुसरी फेरी दिवाळीच्या सुट्टीत. कमल घरून चकल्या-करंज्यांच्या ऑर्डरी घ्यायची, आणि त्या वर्षी बावीस किलोची ऑर्डर आलेली. शिवाय बाबुराव एकदा मोरीत घसरून पडले होते, तेव्हापासून त्यांना एकटं ठेवता येत नव्हतं. "जावा तुम्ही. माझं काय, कधीही जाईन."

तिसरी फेरी फेब्रुवारीत. तेव्हा तिच्या माहेरून, आचऱ्याहून, चुलत भाऊ-वहिनी दवाखान्याच्या कामाला आले होते. कमलने पहाटे उठून तिघांना घावणे आणि सुक्या बटाट्याची भाजी बांधून दिली, टॉवेल दिले, आणि संध्याकाळी ओले टॉवेल घेऊन दोरीवर वाळत घातले.

तिन्ही वेळा जयवंत परत आल्यावर गॅलरीत उभा राहून घसरगुंडीची वर्णनं करायचा. त्याला खरंच वाटायचं की कमलला घरीच बरं वाटतं. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "तिला नाय रे आवडत असलं. तिला गाडीबिडी लागते."

आता ऐका पुढचं. दोन वर्षं सरली. तीस मे उजाडला, शनिवार. दुसऱ्या दिवशी पैजेची मुदत संपणार. मानसीची परीक्षा चालू, विनीत मामाबरोबर आचऱ्याला गेलेला. राजरत्नने बेकरीवाल्याला जाऊन आधीच सांगून ठेवलं होतं, "पुढच्या रविवारी एक माणूस ट्यूब लावून येईल. घाबरू नका, आमचाच आहे."

जयवंत हरणार हे चाळीतल्या मांजरालाही कळलं होतं. पण जयवंत म्हणजे काय चीज आहे ते मांजराला ठाऊक नव्हतं. त्या सकाळी चहा पिता पिता त्याने सहज आपला पास उलटा केला, चष्मा वर सरकवला, आणि मागची मुंगीएवढी अक्षरं वाचली. 'पास एकदाही वापरलेला नसल्यास, खरेदीपासून तीन वर्षांच्या आत पूर्ण रक्कम परत.'

तो उडालाच!

पूर्ण रक्कम परत! म्हणजे कमलचा पास दादरच्या ऑफिसात नेऊन दिला की अठ्ठावीसशे रुपये हातात. मग उरले तीन पास, चौऱ्याऐंशीशेचे. आणि रेघा नऊ, म्हणजे नऊ हजार. सहाशे रुपये फायद्यात! पैज खल्लास! राजरत्न युनिफॉर्म घालून संडासाच्या लायनीत!

जयवंत एकटाच इतका मोठ्याने हसला की बाबुराव आतून ओरडले, "काय रे, येड लागला काय तुका?"

"नाय ओ अण्णा, अक्कल इली!"

ऑफिस संध्याकाळी पाचपर्यंत उघडं. कमल भायखळ्याच्या मार्केटला गेली होती भाजी आणायला. तिला मागून सांगता येईल, जयवंतने ठरवलं. नाहीतरी तिला कुठे जायचंय? त्याने कपाट उघडलं. वरचा कप्पा बघितला, नाही. कागदांची पिशवी बघितली, नाही. शेवटी खालचा खण ओढला. तिथे कमलचा लग्नातला शालू होता. शालूखाली एक प्लास्टिकची पिशवी लागली, दादरच्या एका दुकानाची.

पिशवीत हात घातला तर काहीतरी मऊ, गुळगुळीत. बाहेर काढलं.

पोहायचा ड्रेस होता. मोरपंखी निळा, लांब बाह्यांचा, गुडघ्याच्या खालपर्यंतचा, बायकांचा. साडेचारशे रुपयांची किमतीची चिठ्ठी अजून गळ्याशी लोंबत होती. घडी मोडलेली नव्हती. त्याबरोबर एक रबरी टोपी, एक छोटा टॉवेल, शांपूची दोन पाकिटं, केसांचा चाप. एका रुमालाच्या गाठीत आवळासुपारी, गाडी लागली तर तोंडात टाकायला. सुपारी सुकून दगड झाली होती. आणि ड्रेसच्या घडीत, छातीच्या जागी नीट ठेवलेला, कमलचा कोरा पास.

जयवंत पलंगावर बसला.

बाई तयारीत होती! पहिल्या फेरीपासून पिशवी भरून तयारीत होती! आणि तिन्ही सकाळी आपण चपला घालून पळालो. "हां, ते पण आहे" म्हणून पळालो. ती पिशवी तिने किती वेळा बाहेर काढली असेल आणि किती वेळा शालूखाली परत ठेवली असेल?

"काय शोधतोस जया? सगळं कपाट बाहेर काढलंस ते?"

दारात रमाबाई उभ्या होत्या, राजरत्नची आई. वय बहात्तर, पण पाठ ताठ. चाळीजवळच्याच एका मिलमध्ये त्यांनी वाइंडिंग खात्यात अठरा वर्षं काढली होती. हातात वालाच्या शेंगांचं सूप. कमलबरोबर शेंगा सोलायला आल्या होत्या.

जयवंतच्या हातातला निळा ड्रेस त्यांनी बघितला आणि त्या हळूच खाली बसल्या.

"सापडला होय तुला?"

"तुम्हाला माहीत होतं, मावशी?"

"मीच तर गेले होते तिच्याबरोबर दादरला. दोन वर्षं झाली. दुकानात एक तास लावलान बाईने. हा आखूड, तो घट्ट. शेवटी हा घेतलान आणि रस्ताभर पिशवी अशी छातीशी धरून आली, जसं काय सोनं घेतलंय."

"पण ती तर म्हणायची, तुम्ही जावा, मला नको."

"तू विचारलंस का कधी दुसऱ्यांदा?"

जयवंत ड्रेसची घडी परत घालू लागला.

"आचऱ्याची पोर ती," रमाबाई शेंग मोडत म्हणाल्या. "भरतीच्या वेळी खाडी पोहून पलीकडे जायची, पोरांच्या आधी. मला सगळं सांगितलंय तिने. चोवीस वर्षं झाली लग्नाला, पाण्यात उतरली नाही. नळावर उभी राहते ती पाण्याजवळ, तेवढीच!"

"मग बोलायचं ना तिने! मी काय वाघ आहे?"

"अरे, बोलून काय होणार होतं? म्हाताऱ्याला कोण बघणार होतं? तू बघितला असतास?"

जयवंत सुकलेली सुपारी परत रुमालात बांधायला लागला.

"ऐक, तुला माझी गोष्ट सांगते. मिलमधली आमची टोळी दरसाल पिकनिकला जायची. तीनदा आम्ही घारापुरीला गेलो. तीनदा! बोटीतून, गाणी म्हणत. आणि मी लेणी एकदाही बघितली नाहीत."

"काय सांगता?"

"पायऱ्यांच्या खाली पिशव्या सांभाळत बसले. वर माकडं होती, पिशव्या ओढायची. राजाचा बाप म्हणाला, रमा, तू बस जरा, आम्ही बघून येतो. पुढच्या वेळी तू जा. पुढच्या वेळी पण मीच बसले, कारण मला सवय होती ना बसायची! लोक खाली आले की मला सांगायचे, काय भारी मूर्ती आहे, तीन तोंडांची. मी म्हणायचे, असेल बाबा. एवढ्या चपला मोजल्यात मी त्या धक्क्यावर, की कुणाची कुठली ते अजून सांगेन."

रमाबाई हसल्या, पण जयवंतला हसू आलं नाही.

"आता तुझ्या पासाचं बघ. मुदत नाही म्हणून तू खूश. मी म्हणते, त्यानेच घात केला. मुदत असती तर तूच म्हणाला असतास, चल कमल, पैसे फुकट जातील. मुदत नाही म्हटल्यावर तिचा नंबर मागे, मागे, मागे. बाकीच्यांचं आज, आणि तिचं कधीतरी!"

"पण मावशी, घरात कुणीतरी थांबायला तर पाहिजेच ना?"

"पाहिजेच की! मी कुठे नाही म्हणते? म्हातारा माणूस एकटा टाकून जायचं नाही. पण दर वेळी तेच कुणीतरी का? जिना धुवायचा नंबर तुम्ही फळ्यावर लिहिता. कचऱ्याचा डबा खाली न्यायचा नंबर लिहिता. त्यात एकाचा नंबर चुकला तर चार दिवस भांडता. मग घरी थांबायचा नंबर का नाही लावत रे? तिथे बरं बाईचं नाव कायमचं लिहून ठेवलंय!"

हे मात्र जयवंतला फाटकन लागलं. कारण जिन्याच्या नंबरावरून सगळ्यात मोठ्याने भांडणारा तोच होता!

तेवढ्यात दोन हातांत दोन जड पिशव्या घेऊन कमल आली. तिने पलंगावरचा निळा ड्रेस बघितला, जयवंतकडे बघितलं, आणि तिचे कान लाल झाले.

"अहो, ते काय बाहेर काढलंत? बदलून आणायचा राहिला तो. मापात नव्हता."

"दोन वर्षं बदलायचा राहिला?"

"वेळ कुठे होता?"

जयवंतने पास उचलला. एका हातात अठ्ठावीसशे रुपये आणि जिंकलेली पैज. समोर घामाने डबडबलेली बायको, कोथिंबिरीची जुडी काखेत. मंडळी, जयवंत हा जन्माचा खोडकर माणूस. पोरपणी शेजाऱ्यांच्या घंटा वाजवून पळालेला. पैज हरणं त्याला ताप येण्यासारखं. पण त्या क्षणी त्याला राजरत्नचा युनिफॉर्म दिसेना, फक्त ती दगड झालेली आवळासुपारी दिसत होती.

"कमल, उद्या तू जायचं गंमतगडला," तो म्हणाला.

"उद्या? आणि अण्णा?"

"मी आहे ना."

कमल हसली. "तुम्ही? अहो, तुम्हाला त्यांच्या गोळ्या तरी ठाऊक आहेत का? सकाळची पिवळी की पांढरी?"

"लिहून दे. लिफ्टचं वायरिंग समजतं, गोळी नाही समजणार?"

"आणि पाणी? आणि जेवण? त्यांना पेज लागते अकराला, पातळ. आणि मोरीपर्यंत धरून न्यावं लागतं. राहू दे. मुदत तर नाहीये, पुढच्या..."

"नाही!" जयवंत इतक्या जोरात बोलला की रमाबाईंच्या सुपातली शेंग खाली पडली. "पुढच्या वेळी नाही, उद्या! तुझ्या पाया पडतो, पण उद्या जा. शेजारच्या दर्शनावहिनीला घेऊन जा. आणि मावशी, तुम्ही पण जायचं. तुमचं तिकीट माझ्याकडून."

"माझं?" रमाबाई म्हणाल्या. "मी काय करू तिथे? पिशव्या सांभाळू?"

"पिशव्या सोडून काहीही करा!"

मग पासाच्या मागची बारीक अक्षरंही त्याने कमलला वाचून दाखवली, काही लपवलं नाही. आज परत केला तर पैज जिंकतो, उद्या तू वापरलास तर रेघा होतात दहा आणि मी हरतो. कमल बघतच राहिली.

"म्हणजे तुम्ही ट्यूब लावून जाणार? रस्त्यातून?"

"जाणार."

"अय्या!" कमलने तोंडावर हात घेतला, आणि मग ती अशी हसली की चोवीस वर्षांपूर्वीची वाटली.

रविवारी सकाळी पावणेसहाला तिघी निघाल्या. कमल, रमाबाई आणि राजरत्नची बायको दर्शना. दर्शना पालिकेच्या हॉस्पिटलात नर्स होती, तिने आपली नाइट ड्युटी बदलून घेतली होती. दादरहून पार्कची बस होती. कमल जिन्यात तीनदा मागे वळली. गॅसचा कॉक, दुधाचं पातेलं, अण्णांची काठी. शेवटी रमाबाईंनी तिला दंडाला धरून खाली नेलं.

आणि जयवंतचा दिवस सुरू झाला.

पाणी भरणं जमलं. गोळी जमली, पिवळी की पांढरी ते चिठ्ठी बघून. चहा मात्र बाबुरावांनी परत पाठवला. "ह्यो च्या हा? हेच्यापेक्षा नळाचा पाणी बरा." पेज तळाला लागली. मोरीपर्यंत नेताना जयवंतला कळलं की म्हातारा माणूस किती जड असतो, आणि किती हलका. दहा वाजता त्याला वाटलं, जरा खाली जाऊन पान खाऊन यावं. उठला, आणि आतून हाक, "जया, खंय असस?" परत बसला. अकराला पुन्हा उठला, पुन्हा हाक. बाराला मोबाईलवर दोस्तांचा मेसेज, नाक्यावर ये, मॅच लावलीय. जाणार कसा?

तेव्हा जयवंतला खरी गोष्ट उमगली. काम जड नव्हतं. काम काय, माणूस शिकतो. जड होतं ते उंबरा ओलांडता न येणं. एक दिवस त्याच्या वाट्याला आला, तर चार तासांत तो पिंजऱ्यातल्या पोपटासारखा गॅलरीत येरझाऱ्या घालायला लागला. कमलने हे किती वर्षं केलं? आणि वर हसत, घावणे बांधून देत!

दुपारी थेंब घालताना बाबुराव अचानक म्हणाले, "तिचो हात हलको आसा. तुझो हात म्हणजे पाना-पक्कड."

"होय अण्णा."

"मी तिका कधी बरा केलंस म्हणूक नाय रे. एकदाय नाय." म्हाताऱ्याच्या डोळ्यातून थेंब ओघळला. औषधाचा होता की कसला, जयवंतने विचारलं नाही. तो नुसता त्यांचा हात धरून बसला. खूप वर्षांनी बाप-लेक असे बसले. त्याबद्दलही त्याने मनात कमलचे आभार मानले.

साडेसातला जिन्यात हसण्याचा आवाज आला. आधी रमाबाई, मग दर्शना, मागे कमल. केस ओले, नाक उन्हाने लाल, आवाज बसलेला. राजरत्न दारात खडू घेऊन उभाच होता. त्याने चौकटीवर दहावी रेघ मारली, आणि का कोण जाणे, ती बाकीच्यांपेक्षा लांब मारली.

"लाटांच्या तलावातून ही बाहेरच येईना!" दर्शना सांगत होती. "शिट्टीवाला शिट्टी मारून थकला. पोरं बाजूला झाली हिचं पोहणं बघायला. शेवटी त्याने विचारलं, काकी, तुम्ही कोच आहात का?"

"आणि आये?" राजरत्नने विचारलं.

"आयेने भाड्याचा ड्रेस घातला!"

"घातला तर घातला," रमाबाई म्हणाल्या. "पन्नास वर्षांनी पोटऱ्यांना ऊन लागलं. आणि राजा, एक गंमत ऐक. तिथे पिशव्या ठेवायला लॉकर असतो. पन्नास रुपये घेतात. पिशवी आत, चावी मनगटाला, आणि माणूस मोकळा! मी त्या पोरीला म्हटलं, बाई गं, पन्नास रुपये? मग माझे अठरा वर्षांचे किती झाले, ते मला मिलकडून मागून दे!"

सगळे हसले, पण राजरत्नचं हसू अर्ध्यात थांबलं. त्याच्या घरात घारापुरीचा एक जुना फोटो भिंतीवर होता, मिलची अख्खी टोळी त्या तीन तोंडांच्या मूर्तीसमोर. त्या फोटोत आई का नाही, हे त्याने उभ्या जन्मात कधी विचारलं नव्हतं.

"आये," तो म्हणाला, "पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी आपण घारापुरीला जायचं. पिशव्या मी सांभाळतो. माकडांना मी बघून घेतो."

कमल घरात आली, तर पलंगाजवळ तिच्यासाठी गरम पाण्याचं भांडं आणि कोरडा टॉवेल. तळाला लागलेली पेजही तिला दिसली, पण ती काही बोलली नाही. तिने ओला ड्रेस दोरीवर टाकायला घेतला. जयवंतने तो तिच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः वाळत घातला.

"थँक्यू हां," कमल हळूच म्हणाली.

"ते तू नको म्हणूस गं," जयवंत म्हणाला. "मी म्हणायचंय. दोन वर्षांचं नाही, चोवीस वर्षांचं म्हणायचंय. आणि माझ्याकडून अजून तीन दिवस बाकी आहेत. त्या पासाला मुदत नाही, पण मी घातलीय. दिवाळीच्या आत संपवायचा. दर वेळी मी नाहीतर मानसी थांबू. विनीत मोठा झाला की तोही थांबेल."

आता राहिली पैज. राजरत्न मोठ्या मनाने म्हणाला, "सोड रे जया, कॅन्सल करू. तू परत करून जिंकू शकत होतास, मला दर्शनाने सांगितलं."

"कॅन्सल? वेडा झालास! हरलो तो हरलो. इतक्या आनंदाने आयुष्यात कधी हरलो नाही!"

पुढच्या रविवारी सकाळी साडेसातला तो खाली उतरला. कमरेला चौकात फुगवलेली पिवळी ट्यूब, पुढे बदकाचं तोंड. डोक्यावर कमलची रबरी टोपी. पायात स्लिपर, खांद्यावर पावाची पिशवी. पुढे राजरत्न कंडक्टरची शिट्टी फुंकत, "बाजूला व्हा, पुढे चला, पुढे चला!" मागे अख्खी चाळ. वाटेतल्या भोईवाडा कोर्टाच्या फाटकावरचा हवालदार म्हणाला, "काय भाऊ, पूर आलाय का कुठे?"

"नाही साहेब," जयवंत म्हणाला, "उतरलाय!"

बेकरीवाल्याने हसत हसत शहाण्णव पाव मोजले आणि चार वर टाकले. ते बदकासाठी!

चाळीच्या चौकात आल्यावर लोकांनी गोल केला. "भाषण! भाषण!" जयवंत ट्यूब सावरत पायरीवर चढला.

"भाषणबिषण नाही. एवढंच सांगतो. मला सगळे विचारतात, ते चार दिवसांचे पास परवडतात का? परवडतात! पण ज्याच्या नावाचा पास, तो माणूस गेला तरच. आमच्या घरात तिघांनी मजा केली आणि चौथीने ती फुकटात सांभाळली, म्हणून मला ते स्वस्त वाटले. घरी कुणीतरी थांबावं लागतं, कबूल. पण दर वेळी तीच थांबत असेल, तर ती तिची आवड नाही, आपली लबाडी आहे! तुमच्या घरात कोण थांबतं, आज घरी जाऊन बघा. आणि नुसतं एकदा विचारू नका. ती नको म्हणेल. दुसऱ्यांदा विचारा!"

दोन-चार पुरुषांनी आपापल्या बायकांकडे चोरून बघितलं. मग तिसऱ्या माळ्यावरून बाबुराव काठी आपटत ओरडले, "बरा बोललंस रे! आता पाव वर हाड!"

हशा फुटला. जिन्याच्या तोंडाशी नंबरांचा काळा फळा होता. 'जिना धुणे', 'कचरा खाली नेणे'. राजरत्नने खिशातून तोच खडू काढला आणि खाली तिसरा रकाना आखला, 'घरी थांबणे'. पहिलं नाव लिहिलं जयवंत परब. दुसरं स्वतःचं. तिसऱ्या ओळीसाठी गर्दीतून एक हात वर आला, मग आणखी एक.

कमल कठड्याशी उभी होती. जयवंत तसाच, कमरेला बदक लावून, तीन जिने चढून तिच्यासमोर आला. जिन्यातून गॅलरीत यायचं दार अरुंद, ट्यूब रुंद, तो अडकलाच. पुढे जाता येईना की मागे. अख्खी चाळ खालून टाळ्या वाजवत होती. त्याने पिशवीतून पहिला गरम पाव काढला आणि अडकल्या जागेवरूनच तिच्यापुढे धरला.

"आधी तू खा," तो म्हणाला. "पोरांना, अण्णांना, मला नंतर. आधी तू."

कमलने पाव घेतला, सगळ्यांदेखत तिथेच उभी राहून खाल्ला, आणि मग ट्यूबमधली हवा सोडली.